इमूची अंडी येतात पण पिल्लं निघत नाहीत: दर हिवाळ्यात उभी राहणारी अडचण

दिवाळी झाली की इमू (शहामृगासारखा मोठा, न उडणारा पक्षी) पाळणाऱ्यांचे फोन सुरू होतात आणि सोलापूरची जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकेपर्यंत चालूच राहतात. मोहोळ असो, सांगोला असो की अक्कलकोट, तक्रार ठरलेली. जोडी आहे, अंडी पडतात, उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली, पन्नास दिवस सांभाळली आणि शेवटी फोडून बघितलं तर आत नुसतं पाणी. दुसरी तक्रार अशी की जोडी आणून चार हंगाम झाले, पण अंड्याचं नाव नाही. मग कोणी खाद्य बदलतं, कोणी कॅल्शियमच्या बाटल्या आणतं, कोणी मशीन विकून दुसरं घेतं. पुढच्या वर्षी फोन पुन्हा येतोच.

खाद्याला किंवा मशीनला हात लावण्याआधी दोन गोष्टींची खात्री करा, एवढंच माझं आग्रहाचं सांगणं आहे. तुमच्या दोन पक्ष्यांमध्ये नर कोणता, हे तुम्हाला खरंच माहीत आहे का? आणि तो नर सध्या खुडूक, म्हणजे अंडी उबवायला, तर बसलेला नाही ना? आपल्याकडच्या बहुतेक तक्रारी या दोन प्रश्नांतच सुटतात. उरलेल्यांसाठी पुढे लिहिलंच आहे.

जोडी म्हणून घेतलेली जोडी असतेच असं नाही

इमूपालनाची लाट आपल्याकडे आली आणि 2012च्या सुमारास कोसळली. विकत परत घेण्याची हमी देणारे गायब झाले, पक्षी मात्र मागे राहिले. इमू वीस वर्षांपर्यंत जगतो, काही त्याहूनही जास्त. त्यामुळे तेव्हाचे पक्षी आणि त्यांची पिलावळ हातोहात फिरत राहिली. चार ठिकाणी विकलेल्या पक्ष्याच्या पायातली रिंग कधीच पडलेली असते, कागद हरवलेला असतो आणि विकणारा “जोडी आहे” म्हणून दोन पक्षी टेम्पोत चढवून देतो. तो फसवतोच असं नाही. त्यालाही ओळखता येत नसतं.

ओळखता का येत नाही? कारण इमूमध्ये नर-मादी बाहेरून जवळजवळ सारखे दिसतात. कोंबड्याला तुरा असतो, मोराला पिसारा असतो. आपल्या नान्नजच्या माळावरचा माळढोक घेतला तर नर मादीपेक्षा कितीतरी मोठा आणि लांबूनच ओळखू येतो. म्हणून आपल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की दांडगा तो नर. इमूमध्ये याच समजुतीने घात होतो. तिथे मादी सरासरीने नरापेक्षा थोडी मोठी आणि काही किलोंनी जड असते. पण हा फरक इतका थोडा की एखादा धष्टपुष्ट नर आणि लहान चणीची मादी शेजारी उभी केली तर उंचीवरून काहीच ठरवता येणार नाही. वजन-उंचीवरून नर-मादी ठरवू नका. रंगावरूनही नको.

आवाज ऐका. हीच सगळ्यात स्वस्त आणि भरवशाची खूण आहे. मादीच्या श्वासनलिकेला एक फुगणारी पिशवी जोडलेली असते. ती लांबीला फूटभर किंवा थोडी जास्त असते आणि तिची भिंत फार पातळ असते. मादी ती पिशवी फुगवते आणि रिकाम्या प्लास्टिकच्या पिंपावर तळहाताने थाप मारल्यासारखा खोल, घुमणारा आवाज काढते. चोच मात्र बंद असते, त्यामुळे आवाज कुठून येतोय हे नवख्याला कळत नाही. मानेच्या खालच्या भागाकडे बघा. थापेबरोबर तिथली पिसं फुगून वर येतात. शांत रात्री हा आवाज दोन किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो. नराचा आवाज वेगळा असतो. तो घशातून घुरघुरल्यासारखा, डुकराच्या हुंकाराच्या जवळ जाणारा, तुटक आणि आखूड असतो.

मंगळवेढ्याच्या बाजूला एका वस्तीवर अंधार पडायच्या सुमारास उभं राहून हेच ऐकत होतो. जाळीच्या आत दोन पक्षी. त्यातला उंच तो नर असं घरच्या सगळ्यांचं मत होतं, आणि त्याला नावही पैलवान ठेवलेलं. शेजारच्या ज्वारीच्या रानातली मोटर बंद झाली, जरा शांत झालं, आणि पैलवानाने मान खाली घेतली, छातीच्या वरची पिसं उभी राहिली आणि थाप सुरू झाली. दोन-तीन, मग थांबून पुन्हा दोन. घरातल्या आक्का म्हणाल्या, “आमी समजत हुतो ह्यो नर वरडतोय म्हनून.” थोड्या वेळाने दुसऱ्या पक्ष्यानेही मान फुगवून तीच थाप दिली. दोन्ही माद्या होत्या. आधीच्या सगळ्या हंगामांतली अंडी वांझ का निघाली, याचं उत्तर जाळीच्या आतच होतं.

आवाज ऐकताना काही गोष्टी सांभाळा. पहाटे आणि रात्री ऐका; दुपारी काही कळत नाही. हंगाम लागत असताना, म्हणजे पितृपक्ष-नवरात्राच्या दिवसांत, मादी सगळ्यात जास्त बोलते. पक्षी निदान दीड वर्षाचा असू द्या, त्याआधी ठरवण्यात अर्थ नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करणार असाल तर इअरफोन लावून ऐका, कारण हा आवाज इतका खोल असतो की मोबाइलच्या लहान स्पीकरमधून तो नीट येतच नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: थाप ऐकू आली तर ती मादी समजा, पण थाप ऐकू आली नाही म्हणून नर ठरवू नका. दबलेली, नव्याने आणलेली किंवा तरुण मादी गप्प राहू शकते.

अंड्यांच्या हिशोबावरूनही बरंच कळतं. इमूची मादी साधारण तीन-चार दिवसांआड एक अंडं देते. तुमच्या आवारात लागोपाठ रोज अंडं सापडत असेल, किंवा एकाच संध्याकाळी दोन सापडली, तर तिथे दोन माद्या आहेत असं धरून चाला. मादीला अंडं द्यायला नराची गरज नसते. नर नसताना पडलेली सगळी अंडी वांझ असतात. उलट अंडी अजिबातच नसतील आणि दोघंही नुसते घुरघुरत असतील, तर दोन्ही नर असण्याची शक्यता धरा. कॅलेंडरवर अंड्याच्या तारखेला गोल करून ठेवायची सवय लावा. पुढे मशीनच्या वेळीही ही नोंद कामाला येते.

तरीही शंका उरली तर शेपटीखालचं द्वार उघडून तपासणी करावी लागते. नराला लिंग असतं, आणि पक्ष्यांच्या दुनियेत हे सगळीकडे आढळत नाही. कोंबड्याला तसं नसतं. त्यामुळे इमूमध्ये ही तपासणी नक्की उत्तर देते. पिल्लू एक-दोन दिवसांचं असताना जाणकार माणूस हे सहज करतो. मोठ्या पक्ष्याचं मात्र घरी करू नका. इमू पुढे आणि खाली लाथ मारतो, तीन बोटांची नखं मांडी फाडू शकतात. पक्ष्याच्या समोर कधीच उभं राहू नका, त्याला बाजूने आणि मागून धरायचं असतं. अनुभवी पशुवैद्य आणि दोन धट्टी माणसं लागतात. तपासणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सकाळी थंड वेळेत उरका. अंड्यावर आलेल्या मादीला पकडून दाबलं तर पोटातलं अंडं फुटू शकतं आणि ते जिवावर बेततं.

पिसाची डीएनए तपासणी हाही रस्ता आहे, पण पैसे भरायच्या आधी एक प्रश्न विचारा. पोपट आणि बहुतेक पक्ष्यांसाठी प्रयोगशाळा जी नेहमीची लिंगनिदान चाचणी वापरतात ती इमू आणि शहामृगावर चालत नाही. या न उडणाऱ्या पक्ष्यांमध्ये नर-मादी ठरवणारी गुणसूत्रं एकमेकांशी फार सारखी असतात, त्यामुळे त्या चाचणीला फरकच दिसत नाही. “इमूसाठी वेगळी चाचणी करता का?” असं स्पष्ट विचारा. गोलमोल उत्तर मिळालं तर पीस पाठवू नका.

एकदा नर-मादी ठरले की त्याच दिवशी पायात वेगवेगळ्या रंगाच्या रिंगा घाला आणि वहीत लिहून ठेवा. सालगडी बदलला, पक्षी दुसऱ्या आवारात गेला, की सगळं पुन्हा शून्यावर येतं.

नर खुडूक बसतो, आणि आपण त्याला आजारी समजतो

आता जोडी खरी आहे असं धरू. सुरुवातीची अंडी चांगली निघतात, डिसेंबरपासून वांझ यायला लागतात. अशा वेळी नराकडे बघा.

इमूमध्ये अंडी उबवण्याचं काम नर करतो, मादी नाही. मीलनात पुढाकार मात्र मादीचाच असतो. हंगामात तीच नराभोवती फिरते, तिच्या डोक्या-मानेची पिसं काळपट होतात आणि डोळ्याखालची उघडी कातडी निळसर-हिरवट चमकायला लागते. नराच्या कातडीवरही निळसर छटा येते, पण पिसांचा रंग तसाच राहतो. मादी दुसऱ्या मादीला नराजवळ येऊ देत नाही. त्यावरून तिच्या लाथा-चोचींच्या मारामाऱ्या होतात. मोकळ्या रानात तर एका नराच्या घरट्यात अंडी घालून झाल्यावर ती त्याला सोडून दुसऱ्या नराकडेही जाते.

इकडे नर पालापाचोळा, काटक्या, गवत ओढून उथळ घरटं करतो. त्यात काही अंडी साठली की तो खुडूक होतो. साधारण आठ आठवडे तो बसून राहतो. खात नाही, पाणीही जवळजवळ पीत नाही, दिवसातून दहाएक वेळा उठून अंडी फिरवतो आणि पुन्हा बसतो. या काळात अंगावरच्या चरबीवर जगतो आणि वजन तिसऱ्या हिश्श्याने उतरतं. याच वेळी त्याच्या शरीरातलं नराचं संप्रेरक खाली येतं आणि तो मादीकडे बघतही नाही. मादीच्या शरीरात आधीच्या मिलनातलं बीज काही दिवस टिकतं, त्यामुळे पुढची काही अंडी फळलेली निघू शकतात. त्यानंतरची वांझ.

आपल्याकडे काय होतं? अंडी दोन-चार दिवस आवारात पडून राहतात. माणूस लग्नाला गेला, ऊसतोड आली, राहून गेलं. नर त्यावर बसतो. मग “खात नाही, उठत नाही” म्हणून डॉक्टरांना बोलावणं जातं. खुडूक नराला इंजेक्शनं आणि सलाइन दिल्याची उदाहरणं मला माहीत आहेत. कोंबडी खुडूक बसली तर आपल्या घरातली कोणतीही बाई एका नजरेत ओळखते. इथे बसलाय तो नर, म्हणून कुणाच्या ध्यानात येत नाही. आजारी पक्षी मान टाकतो, विष्ठा पातळ असते, जवळ गेलं तरी डोळे मिटलेले असतात. खुडूक नर जवळ गेल्यावर पिसं फुलवतो, मान ताठ करून बघतो आणि पोटाखाली काहीतरी घट्ट धरून असतो. त्याला उठवून बघा. बहुतेक वेळा खाली अंडी सापडतील, क्वचित नुसता गोल दगडही.

उपाय सोपा आहे, पण रोज करावा लागतो. मादी बहुतेक संध्याकाळी साडेपाच ते सातच्या दरम्यान अंडं घालते. अंधार पडला की बॅटरी घेऊन आवाराची एक फेरी मारा आणि अंडं त्याच रात्री उचला. नर पाचोळ्याने अंडं झाकून टाकतो, म्हणून काठीने पाचोळा हलवून बघा. घरट्याची जागा झाडून साफ करा. अंडी हाती लागत राहिली तर नर खुडूक होण्याचं लांबतं आणि हंगाम पुढे चालतो. बसलेल्या नराखालून अंडी काढली, घरटं मोडलं, तरी तो लगेच मूळ पदावर येईल असं नाही; त्याला वेळ द्या.

एकच जोडी असलेल्याला मी वेगळा सल्ला देतो. मशीनच्या भानगडीत पडू नका, नरालाच उबवू द्या. ज्या वस्तीवर विजेचा भरवसा नाही तिथे आठ आठवडे मशीन चालवण्यापेक्षा नर कधीही बरा. हंगामाची सुरुवातीची पाच-सात अंडी उचला, नंतरची राहू द्या. नर बसला की मादीला वेगळ्या आवारात घाला आणि घरट्यातल्या अंड्यांवर पेन्सिलने तारखा टाका. मागाहून पडलेलं अंडं त्याच्याखाली सरकवू नका. पहिली पिल्लं निघाली की तो उठतो आणि मागचं अंडं अर्धवट राहतं. पाणी मात्र जवळ ठेवाच, प्यायला नाही तरी चालेल. पिल्लं निघाल्यावर मादीला परत आत सोडण्याची घाई करू नका. पिल्लं सांभाळणारा नर दुसऱ्या कुठल्याही इमूला जवळ येऊ देत नाही, पिल्लांच्या आईलासुद्धा. तो अनेक महिने पिल्लांबरोबर असतो आणि तेवढा काळ त्याचं चित्त त्यांच्यातच असतं.

लाइट लावू नका

पोल्ट्रीतून इमूकडे आलेल्यांची हीच अडचण मी वारंवार बघतो. अंड्याच्या कोंबड्यांना सोळा तास उजेड द्यायचा, हे त्यांच्या हाताला लागलेलं असतं. म्हणून इमूच्या आवारातही रात्रभर फ्लडलाइट जळत असतो.

इमूचं उलट आहे. त्याचा हंगाम दिवस लहान होत जाण्याने सुरू होतो. ऑस्ट्रेलियात हे पक्षी मे-जूनच्या थंडीत मीलनावर येतात, कारण तिकडचा हिवाळा तेव्हा असतो. त्यामुळे तिकडच्या माहितीतले महिने इकडे जसेच्या तसे उचलू नका. आपल्याकडे ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा अंड्यांचा काळ. सोलापूर विषुववृत्तापासून फार लांब नाही. जूनमधला दिवस 13 तासांच्या आसपास आणि डिसेंबरमधला 11 तासांच्या किंचित वर, एवढाच फरक. इतक्या थोड्या फरकावर पक्ष्याचं सगळं घड्याळ चालतं, त्यात आपण रात्रभर उजेड केला तर त्याला हिवाळा आलाय हेच कळत नाही. दिवस लहान होऊ लागले की नराची वृषणं मोठी होऊ लागतात, बीज तयार व्हायला लागतं. उजेडाने हे लांबतं किंवा मधेच थांबतं. चोरांच्या भीतीने दिवा हवाच असेल तर तो रस्त्याच्या बाजूला, आवाराकडे पाठ करून लावा. संध्याकाळच्या फेरीसाठी बॅटरी पुरते.

फेब्रुवारीच्या शेवटी ऊन चढायला लागलं की अंडी कमी होऊन थांबतात. तो दोष नाही, हंगाम संपला. मार्च-एप्रिलमध्ये “अंडी बंद झाली, औषध सांगा” असं विचारलं तर उत्तर एकच: पक्ष्याला सावली आणि भरपूर पाणी द्या, पुढच्या नवरात्रापर्यंत थांबा.

नर आहे, मादी आहे, तरी जुळत नाही

जबरदस्तीने लावलेली जोडी इमूमध्ये पुष्कळदा फसते. मादीला नर पसंत नसेल तर ती त्याला जाळीला दाबून मारते, खाद्याजवळ येऊ देत नाही. नर एका कोपऱ्यात उभा राहतो किंवा दिवसभर जाळीच्या कडेने चालत राहतो. अशा नराच्या पाठीची पिसं उपटलेली दिसतात. दोन पक्षी जवळ बसतात का, एकत्र चालतात का, हे आठवडाभर सकाळ-संध्याकाळ बघा. जमलेली जोडी एकमेकांपासून फार लांब जात नाही.

चार-सहा पक्षी असतील तर जून-जुलैत त्यांना एका मोठ्या आवारात एकत्र सोडा आणि कोण कोणाबरोबर फिरतं ते बघून जोड्या पाडा. हंगाम सुरू झाल्यावर जोडी बदलू नका. एका जोडीला साधारण 2500 चौरस फूट, म्हणजे 100 बाय 25 फुटांचं आवार लागतं, आणि त्यात आडोसा पाहिजे. शेवरी, हादगा, निदान कडब्याची एक उभी गंज, काहीही चालेल. रस्त्याला लागून, शाळेच्या मुलांच्या येण्या-जाण्यावर असलेल्या आवारात मीलन होत नाही हे मी पाहिलंय. जाळीला पोती किंवा शेडनेट बांधल्यावर त्याच जोडीचं जमलं.

दोन माद्यांची आवारं एका जाळीने लागून असतील तर त्या दिवसभर जाळीवरून भांडत राहतात. मधे आडोसा घाला.

पहिल्या हंगामातल्या मादीकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. ती दीड-दोन वर्षांची झाली की अंड्यावर येते, पहिल्या वर्षी पंधराएक अंडी देते आणि पुढे तीस-चाळीसपर्यंत जाते. तरुण नराचं बीजही पहिल्या वर्षी कमी पडतं. दोघंही नवे असतील तर एक हंगाम सोडून द्या.

खाद्याबद्दल थोडक्यात

नुसत्या मक्यावर आणि घरातल्या उरल्यासुरल्यावर ठेवलेला नर जाड होतो आणि जाड नराला मादीवर नीट बसता येत नाही. हंगामाच्या तीन-चार आठवडे आधी ब्रीडर खाद्य (अंड्यावर येणाऱ्या जोडीचं खाद्य) आणि खनिज-जीवनसत्त्व मिश्रण सुरू करा. मोठा पक्षी दिवसाला किलोभर खातो. हंगाम लागला की हे प्रमाण आपोआप बरंच कमी होतं, घाबरू नका. आधीच अंगावर चरबी साठवलेली असते, ती याच दिवसांसाठी.

कॅल्शियमचा अतिरेक मात्र थांबवा. अंड्याचं कवच पातळ येईल या भीतीने लोक ऑगस्टपासून शिंपल्यांचा चुरा खाद्यात कालवतात. अंडी सुरू व्हायच्या आधी जास्त कॅल्शियम दिलं तर अंडी कमी येतात आणि नराची फलनक्षमताही घटते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या घमेल्यात ठेवा. मादीला लागेल तेवढा ती खाईल, नर त्याच्याकडे फारसा जाणार नाही.

आता मशीन

वरचं सगळं ठीक असेल तरच इथे या. आणि आधी अंडं वांझ होतं की आत मेलं, हे वेगळं करा. दोन्हींचा उपाय वेगळा आहे.

इमूचं अंडं गडद हिरवं आणि जाड कवचाचं असतं. कोंबडीच्या अंड्यासारखी बॅटरी लावून आत काही दिसत नाही. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पडलेलं एखादं ताजं अंडं सरळ फोडून बघा. साडेपाचशे-सहाशे ग्रॅमचं अंडं फोडायचं म्हणजे जिवावर येतं, मला कळतं. पण त्या एका अंड्याने तुमचे पन्नास दिवस वाचतात. हातोडीने टोकाकडे हलकेच भोक पाडा, कवच सावकाश सोला आणि अंडं स्टीलच्या मोठ्या परातीत सोडा. बलकावर एक पांढरा ठिपका शोधा. तो खाली गेला असेल तर परात हलकेच तिरकी करा. ठिपका लहान, भरीव, कडा वेड्यावाकड्या असा असेल तर अंडं वांझ. ठिपका मोठा, गोल आणि भोवती फिकट कडं, म्हणजे मधे एक वर्तुळ आणि बाहेर दुसरं असं दिसलं तर ते फळलेलं आहे. एकदा डोळ्याने दोन्ही पाहिली की पुन्हा चुकत नाही. वांझ निघालं तर मशीनला दोष देऊ नका. लेखाच्या वरच्या भागाकडे जा. अंडं वाया जात नाही, घरात आम्लेट होतं.

मुदत संपलेली अंडीही फोडून बघाच, पण उघड्यावर आणि तोंडाला रुमाल बांधून, कारण सडलेलं अंडं फुटतं तेव्हा आवाजासकट फुटतं. बलक तसाच पिवळा पातळ, रक्ताचा मागमूस नाही, तर वांझ समजा. रक्ताचं कडं किंवा काळपट ठिपका दिसला तर पिल्लू लवकर मेलं. अंडं जास्त दिवस साठवलं किंवा गरम खोलीत ठेवलं, हे त्याचं नेहमीचं कारण. पूर्ण पिल्लू तयार होऊन आत मेलं असेल तर ओलावा बघा.

साठवण हा आपल्या भागातला मोठा चोर आहे. सोलापूरला ऑक्टोबरातही दुपारी खोली तापते. अंडी पत्र्याच्या शेडमध्ये पंधरा-वीस दिवस ठेवून मग एकदम मशीन भरलं तर फळलेली अंडीही मरतात. थंड जागा असेल, म्हणजे 15-16 अंश सेल्सिअस, तर दहा दिवसांपर्यंत चालतं. नुसत्या खोलीत ठेवत असाल तर तीन-चार दिवसांतच मशीनला लावा. अंडी थंड पाण्याने धुऊ नका, पाण्याबरोबर जंतू कवचातून आत ओढले जातात. माती सुक्या फडक्याने पुसा.

मशीनमध्ये तापमान 96 ते 97 फॅरेनहाइट, म्हणजे 36 सेल्सिअसच्या आसपास, आणि ओलावा 30 ते 40 टक्के. कोंबडीच्या सेटिंगवर इमूची अंडी लावली तर ती शिजतात, आणि आपल्याकडची पुष्कळ मशीन मुळात कोंबडीसाठी बनवलेली असतात. अंडी 48व्या दिवसापर्यंत फिरवायची, मग थांबवायचं. 50 ते 52 दिवसांत पिल्लू निघतं. दर आठवड्याला प्रत्येक अंडं काट्यावर तोलून कवचावर वजन लिहा. सुरुवातीच्या वजनाच्या 10 ते 15 टक्के शेवटापर्यंत कमी झालं पाहिजे. 600 ग्रॅमचं अंडं 60 ते 90 ग्रॅमने उतरलं पाहिजे. कमी उतरलं तर ओलावा जास्त आहे, पाण्याचा ट्रे लहान करा. जास्त उतरलं तर ट्रे वाढवा. पण वांझ अंड्याचं वजनही असंच उतरतं, तेव्हा वजनावरून आत जीव आहे असं समजू नका. जीव कळतो तो शेवटच्या आठवड्यात: अंडं सपाट फरशीवर ठेवा, बोटाने टिचकी मारा किंवा शीळ घाला. आत जिवंत पिल्लू असेल तर अंडं स्वतःहून डोलतं. ज्याने हे एकदा पाहिलंय तो हातातलं काम टाकून पाहत राहतो.

वीज जाते त्यासाठी इन्व्हर्टर आधी घ्या, मशीन नंतर.

एवढं करूनही दोन हंगाम तीच मादी वांझ अंडी देत असेल, नर नक्की नर आहे, खुडूक नाही, अंधार आहे, आडोसा आहे, खाद्य नीट आहे, तर नर बदलून बघा. जुलैमध्ये, हंगामाच्या खूप आधी. नवा नर सरळ मादीच्या आवारात सोडू नका, ती त्याला फोडून काढेल. मधे जाळी ठेवून दोघांना तीन-चार आठवडे शेजारी राहू द्या. मादी जाळीच्या त्याच कडेला येऊन बसायला लागली की फाटक उघडा. जुना नरही लगेच विकू नका. दुसऱ्या मादीबरोबर त्याचं जमू शकतं, आणि विकताना त्याच्या पायात रिंग असू द्या आणि घेणाऱ्याला तो नर असल्याचं लिहून द्या.